साडूभाऊ आणि जपानी वर्गणी

“हे आमचे साडू. जपानला देणगी देतात.”

परवा एका अनोळखी गृहस्थांशी माझी ओळख अशी करून देण्यात आली. नाव नाही, नोकरी नाही, काही नाही. गृहस्थांनी हळहळत विचारलं, “भूकंपासाठी का?” साडू म्हणाले, “छे हो! व्हिडिओ गेमसाठी!” माझा हात त्यांनी ज्या चपळाईनं सोडला, ती चपळाई मी अजून विसरलेलो नाही.

प्रकरण एवढंच, की १९९९ मध्ये सेगा या जपानी कंपनीनं ड्रीमकास्ट या आपल्या गेम खेळायच्या यंत्रावर ‘शेनम्यू’ नावाचा गेम काढला. यू सुझुकी या माणसाचं ते स्वप्न. दुसरा भाग २००१ मध्ये आला, बापाच्या खुन्याच्या मागावर असलेला नायक एका गुहेत जाऊन उभा राहिला आणि तिथेच गोष्ट थांबली. ड्रीमकास्ट बंद पडला. पुढे जून २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमांच्या मेळ्यात सुझुकी मंचावर आले आणि म्हणाले, तिसरा भाग करतो, किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर २० लाख डॉलर जमवून द्या. पहिले दहा लाख दोन तासांच्या आत जमले. त्यात मी होतो. झालं.

साडूंना मात्र हे ‘झालं’ पुरत नाही. ते हिशेब तपासतात. नोकरीत तर तपासतातच, पण सुट्टीच्या दिवशी हात शिवशिवतात म्हणून नातेवाइकांचेही तपासतात.

“म्हणजे साडूभाऊ, कंपनीत तुमचा हिस्सा किती?”

“हिस्सा नाही.”

“मग कर्ज दिलंत. व्याज किती?”

“व्याज नाही. मुद्दलही परत नाही.”

“मग सरळ विकत घेतलात म्हणा की.”

“विकत कसा घेणार? तेव्हा तो तयारच नव्हता.”

“मग दान. करात सवलत?”

“नाही.”

साडू गप्प झाले. जगात एकाही रकान्यात न बसणारा खर्च असतो, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं असावं. मला क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात त्यांनी मोबाइल काढला.

“एकूण किती जमले?”

“६३ लाख ३३ हजार डॉलर.”

“माणसं?”

“६९ हजार ३२०.”

“माणशी एक्क्याण्णव.” त्यांनी मान वर केली. “तुम्ही सरासरीच्या वर की खाली?”

बायको शेजारीच बसली होती, त्यामुळे हा प्रश्न मला ऐकू आला नाही.

“आणि पहिल्या गेमला खर्च किती आला होता?”

हे मी सांगायला नको होतं खरं तर, पण चाहत्याला आकडे विचारले की तोंड आपोआप चालू होतं. सुझुकींनीच नंतर सांगितलेला आकडा ४ कोटी ७० लाख डॉलर. त्या काळी हे भयंकर होतं. खपल्या साधारण बारा लाख प्रती.

“प्रतीमागे एकोणचाळीस डॉलर खर्च,” साडू म्हणाले. “वर दुकानदाराचा वाटा. अहो, न विकता ठेवला असता तरी एवढं नुकसान झालं नसतं!” हे तितकंसं बरोबर नाही, पण सगळे हसले. “आणि जे पावणेपाच कोटींत नाही जमलं, ते हा माणूस त्रेसष्ट लाखांत करणार?”

एवढा नेमका प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. किकस्टार्टरवरच्या गेमांचं दुखणं इथेच असतं. ‘डबल फाइन’ या गेम कंपनीच्या मंडळींनी २०१२ मध्ये चार लाख डॉलर मागितले, तेहतीस लाख मिळाले. आनंदाच्या भरात गेम एवढा वाढवला की पैसे कमी पडले आणि तो दोन तुकड्यांत आणावा लागला. कमी जमले तर गेम होत नाही आणि जास्त जमले तर संपत नाही.

मला खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. शेनम्यूच्या मागे मोठ्या कंपन्यांचंही पाठबळ होतं, हे नंतर कळलं. म्हणजे आमचे डॉलर हे भांडवल कमी आणि सर्वेक्षण जास्त. बाजारात मागणी आहे का, हे पाहण्यासाठी कंपन्या लोकांना पैसे देऊन प्रश्न विचारतात. इथे आम्हीच पैसे देऊन उत्तर दिलं. डिसेंबर २०१७ ला येणारा गेम नोव्हेंबर २०१९ ला आला, आणि मधल्या काळात साडू प्रत्येक भेटीत विचारत, “आला का तुमचा गेम?” रेंगाळलेल्या दाव्याची तारीख विचारावी तसं.

आल्यावर तर आणखी पंचाईत.

“मग? सापडला का बापाचा खुनी?”

“सापडला. पण हिरो हरला.”

“म्हणजे गोष्ट संपली नाही?”

“सुझुकींच्या मते तिसऱ्या भागाअखेर साधारण ४० टक्के झाली.”

मी साडूंना एवढं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते चक्क उभे राहिले. “वीस वर्षांत चाळीस टक्के? साडूभाऊ, उरलेले साठ टक्के बघायला तुम्ही असाल का?” आणि मी, ज्यानं पदरचे पैसे दिले तो मी, त्या गेमची बाजू घेऊन बोलू लागलो. संथपणा हीच त्याची गंमत आहे, त्यात प्रत्येक खण उघडून बघता येतो, दुकान उघडायची वाट बघता येते, वगैरे.

“वाट बघता येते,” साडू म्हणाले. “ते दिसतंच आहे.”

आता ते ही गोष्ट जिथे जातील तिथे सांगतात. “आमच्या साडूंचा एक गेम आहे. त्यात पोराच्या बापाचा खून होतो. मग पोरगा काय करतो? गावभर खलाशांचा पत्ता विचारत फिरतो. दुपारी कपाटं उघडून बघतो. बाहुल्यांच्या यंत्रात नाणी टाकतो. आणि शेवटी बंदरावर फोर्कलिफ्ट चालवायची नोकरी धरतो!” लोक पोट धरून हसतात. मी दर वेळी त्यांची एखादी तरी चूक पकडायला टपलेला असतो, आणि दर वेळी माणूस अगदी खरं तेच सांगत असतो.