लेख ढापायचाय? मग नीट ढापा

तुम्हाला लिहायला वेळ नाही, हे मान्य. नोकरी आहे, शेताकडं बघायचंय, पोरांच्या ट्यूशन आहेत, आणि पेजवर रोज दोन पोस्ट पडल्या नाहीत तर रीच झोपतो. तिकडं काही रिकामटेकडे लोक मात्र उन्हातान्हात गावोगाव हिंडतात, म्हाताऱ्या माणसांपाशी बसून राहतात, रात्री जागून लिहितात आणि फुकटात टाकून देतात. कुणासाठी? तुमच्यासाठीच की. तेव्हा संकोच सोडा. फक्त जरा पद्धतशीर ढापा, कारण अलीकडं या क्षेत्रात फार गचाळ काम चाललंय.

सगळ्यात आधी लेखाखालचं लेखकाचं नाव काढा. निम्मी मंडळी इथंच आळस करतात.

नाव काढलं की तेवढी जागा उघडी पडते. तिथं 'संकलन' असं लिहून आपलं नाव टाका. म्हणजे लिहिल्याचं समाधान मिळतं आणि कुणी विचारलंच तर 'मी कुठं म्हणालो मी लिहिलंय' म्हणायची सोयही राहते. फारच भिडस्त असाल तर 'साभार : व्हॉट्सॲप' लिहा. व्हॉट्सॲपनं आजवर तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

फोटोखाली 'स्रोत : गुगल'. गुगल स्वतः परभणीला उतरतं, टमटम करून गावात जातं आणि बाभळीचे फाटे बाजूला सारून बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, उतरतं, हे सगळ्यांना माहीतच आहे.

फोटो घेताना तेवढे डोळे उघडे ठेवा. लेखक मंडळी हल्ली कोपऱ्यात आपलं नाव टाकतात. ते छाटायचं असतं, पण बघून. मागं एका मोठ्या पेजनं जिंतूरकडच्या एका बारवेचा माझा फोटो उचलला. उजव्या कोपऱ्यातलं माझं नाव घालवायला खालची पट्टी कापली. नाव गेलं, आणि नावासोबत पाण्याकाठच्या नंदीचं तोंडही गेलं. उरलं नुसतं वशिंड. वर लिहिलंय, 'छायाचित्र : ॲडमिन'. बरं, एवढी कात्री चालवलीच होती तर डावीकडूनही चालवायची! तिथं तिसऱ्या पायरीवर माझ्या चपला आहेत. उतरताना काढून ठेवलेल्या. एकीचा अंगठा तुटलेला, सुतळीनं बांधलेला. घरात त्या चपलेवरून माझी यथेच्छ खरडपट्टी निघालेली आहे, ती चप्पल मी डोळे मिटून ओळखतो. हजारो लोकांनी त्या चपलांना लाइक दिलंय आणि ॲडमिनसाहेब 'माझ्या भटकंतीतून' म्हणून हात जोडतायत.

पुरावा म्हणाल तर त्याचीही काळजी नको. फोटो एकदा व्हॉट्सॲपवरून फिरवून घेतला की तो कुठल्या कॅमेऱ्यानं, कधी, कुठं काढला ही त्याच्या पोटातली माहिती आपोआप पुसली जाते. मूळ फाइल माझ्याकडं आहे, तिच्यात तारीख-वेळ सगळं शाबूत आहे. पण मूळ फाइल विचारतो कोण?

मजकूर उचलताना 'मी', 'माझा', 'माझी' हे शब्द नीट हुडकून काढा. हे कळकळीनं सांगतोय. त्या पेजनं फोटोसोबत त्या बारवेवरचा माझा लेखही उचलला. त्यात मी लिहिलं होतं की माझ्या आजीचं माहेर त्या गावचं. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या धुमाकुळात, पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे भारतीय फौज निजामाच्या राज्यात शिरली त्याच्या आधी, गावातल्या बायांनी दागिन्यांच्या पुरचुंड्या बारवेतल्या देवकोष्ठात, म्हणजे देवाच्या कोनाड्यात, चिखलाचे गोळे थापून दडवल्या होत्या. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं हात टेकले, माणसं जिवात जीव येऊन बाहेर पडली, पुरचुंड्या निघाल्या. पण आजीच्या आईची नथ काही सापडली नाही. हे सांगताना आजी दर वेळी स्वतःच्या नाकाला हात लावायची. आता हे सगळं, हात लावण्यासकट, त्या पेजवर जसंच्या तसं आहे. 'माझी आजी' म्हणून! साहेब मूळचे सातारकडचे, हे त्यांनीच आपल्या माहितीत मोठ्या अभिमानानं लिहिलंय. सातारच्या आजीला रझाकार बघायचा म्हणजे गाडी करून इकडं यावं लागलं असतं. एसटी तर १ जून १९४८ ला सुरू झाली, तीही नगर-पुणे. ती बिचारी निजामाच्या हद्दीत कशी शिरणार? खाली कुणी तरी लिहिलंय, 'सर, तुमच्या आजीला साष्टांग दंडवत.' आणि सरांचं उत्तर : 'धन्यवाद. तिचेच आशीर्वाद आहेत.'

कुणाचे आशीर्वाद? अहो, कुणाच्या आजीचे? ती म्हातारी शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तेव्हा तुम्ही तिला पाणी पाजायला आला होतात का?

असो. सूचनांकडं वळू.

मूळ लेखकानं कमेंट केली तर उडवा. परत केली तर ब्लॉक करा.

आजीची अशी भानगड होऊ नये म्हणून आता एआय आलंय. लेख टाकायचा, 'शब्द बदलून दे' म्हणायचं, चहा येईस्तोवर काम तयार. दुसऱ्या एका महाभागानं माझा तोच बारवेचा लेख त्यातून काढला. माझ्या आजीची झाली 'एक स्थानिक ज्येष्ठ नागरिक महिला'. नथीचा झाला 'मौल्यवान पारंपरिक अलंकार'. शेवटी आपला वारसा आपणच जपूया वगैरे आवाहन. बारवेची लांबी-रुंदी मात्र इंचासकट माझीच, कारण ती मोजायला टेपचं एक टोक धरून आग्या मोहळाखाली उभं राहावं लागतं आणि ते काम अजून यंत्राकडून होत नाही. दुसरं टोक गावातल्या एका पोरानं धरलं होतं. त्याचंही नाव मी लेखात दिलं होतं. तेही उडालं.

आत्मविश्वास तर पाहिजेच पाहिजे. त्या मोठ्या पेजचं काम बघणारा एक पोरगा आपल्या इकडचाच आहे. त्याचा मला फोन आला. 'सर, त्या बारवेचं पुढचं कधी टाकायलात? लोकं लई इचारायलेत आमाला.' म्हणलं, अरे बाबा, पहिल्याखाली माझं नाव तरी टाका. तर पोरगं म्हणतं, 'म्या म्हणलं होतं सर. पण साहेब म्हणले, नाव टाकलं की पोस्ट आपली वाटत नाही.'

या पोरावर मला रागावताच आलं नाही. एवढं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं.

कायद्याचं भय तर मुळीच बाळगू नका. कॉपीराइटचा कायदा आहे १९५७ चा, म्हणजे तुमच्या वडिलांच्या वयाचा, त्याला कोण विचारतं? त्यात म्हणे लेख लिहून झाला की लेखकाचा हक्क आपोआप तयार होतो, कुठं नोंदणी करावी लागत नाही, आणि तो लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. कलम ५७ म्हणतं, लेखकानं हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिलंय' म्हणण्याचा अधिकार त्याच्यापाशीच राहतो. कलम ६३ म्हणतं, जाणूनबुजून लेखकाचा हक्क कुणी मोडला तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. शिवाय दिवाणी दावा टाकायला लेखकाला तुमच्या गावी यायची गरज नाही, तो राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात टाकता येतो. पण टाकतो कोण? परभणीचा माणूस आधीच सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला तहसीलच्या चकरा मारून अर्धा झालेला असतो. तो लेखावरच्या नावासाठी वकील लावणार? लावत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तुमचा सगळा धंदा त्याच भरवशावर आहे.

आणि सगळं वापरायला बंदी आहे असंही नाही हो, हेच तर दुखणं आहे. बारव किती फूट खोल, कुठल्या काळातली, कुठल्या तालुक्यात, ही माहिती कुणाच्या बापाची नाही. तुमच्या शब्दांत खुशाल लिहा. परीक्षण करायचं, टीका करायची, तर लेखकाचं नाव घेऊन चार ओळी उचला, कायद्यातच तशी मोकळीक आहे. मराठी विकिपीडियावरचा मजकूर तर धंद्यासाठीसुद्धा घेता येतो. अट एवढीच की श्रेय द्या आणि त्यातून तुम्ही जे कराल तेही तसंच मोकळं ठेवा. एवढं ताट वाढून दिलंय. तरी ती एक ओळ तुमच्या घशाखाली उतरत नाही.

कुणी अडवलंच तर तोंडावर फेकायला दोन वाक्यं पाठ करून ठेवा. 'ज्ञान वाटल्यानं वाढतं' हे पहिलं. 'आपल्या संतांनी कुठं कॉपीराइट मागितला' हे दुसरं, आणि हे फार चालतं.

संतांचं नाव काढलंत म्हणून सांगतो. मराठवाड्यात बसून हे बोलायला जीभ कशी वळते? गंगाखेडची जनाबाई दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी बाई. ना जमीन, ना घर. तिनं अभंगाच्या शेवटी आपलं नाव घातलं. जात्यावर बसणाऱ्या बाया, ज्यांना अक्षर येत नव्हतं त्या, ओव्या म्हणताना जनीचं नाव गाळत नव्हत्या. पैठणला नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शुद्ध केली, असंच लिहून ठेवलं. कुठल्या शकात, कुणी, काय केलं ते सगळं ओवीत नोंदवलं. स्वतः एवढा मोठा कवी, मनात आणलं असतं तर शे-दोनशे ओव्या आपल्या घुसडल्या असत्या, कुणाला पत्ता लागला नसता. उलट बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालेल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली म्हणून समजा. गावोगावच्या नकलांमधून चुका शिरलेल्या, छापखाना नाही, कायदा नाही, स्क्रीनशॉट नाही. तरी त्या माणसाला माझं कुठलं आणि माउलीचं कुठलं हे कळत होतं. आणि तुम्हाला माझी आजी आणि तुमची आजी यातला फरक कळत नाही!

जाऊ द्या. आता सरळच बोलतो.

तुम्ही चोर आहात. 'कंटेंट क्रिएटर' नाही, 'संकलक' नाही, 'इतिहासप्रेमी' तर मुळीच नाही. शाल-श्रीफळ घेताना, स्टेजवर 'बारव अभ्यासक' म्हणून तुमचं नाव पुकारलं जाताना, ज्या बारवेवर तुम्हाला हार घातला तिच्या किती पायऱ्या आहेत हे समोरच्या एखाद्या शाळकरी पोरानं विचारलं असतं तर तुम्हाला मोबाइल काढावा लागला असता. तिकडं परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या लोकांनी आपल्या चक्राकार बारवेतला गाळ स्वतः उपसला. त्यांनी घामेजून काम करायचं आणि तुम्ही गादीवर लोळून त्याचं रील करून 'मी शोधलेला खजिना' म्हणायचं? शोधलात कुठं? माझ्या वॉलवर?

'प्रसिद्धी मिळतेय ना तुम्हाला' म्हणता. नाव काढल्यावर प्रसिद्धी कुणाला मिळते, चपलेला?

आणि फॉरवर्ड करणाऱ्यांनो, तुम्हीही हात झटकू नका. 'आलं तसं पाठवलं' म्हणता. मोबाइलवर दोन बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेले' असं दिसत असतं, म्हणजे ते पाच हातांतून तरी फिरून आलेलं असतं. मग त्यातलं एखादं वाक्य उचलून शोधायला काय धाड भरते? भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करायला वेळ आहे, हे कुणी लिहिलं ते बघायला अर्धा मिनिट नाही. नाहीच सापडलं तर 'लेखक माहीत नाही' एवढं लिहा. तेही प्रामाणिक आहे. 'संकलन' लिहू नका.

पुढचा भाग लिहून तयार आहे. त्यात त्या पोराचं नाव परत असणार आहे, टेपचं टोक धरणाऱ्याचं. तो मी टाकीन तेव्हा टाकीन. फोन करून विचारू नका. आधी जुनं निस्तरा. त्या पोस्टला एडिटचं बटण अजून आहे. नाव टाका, फोटो नंदीच्या तोंडासकट पुरा लावा, आणि माझी आजी परत करा.