निळ्या झाकणाची व्हायल

आमच्या कराडच्या बी.फार्म. बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सकाळच्या चहाबरोबर जागा होतो. तेव्हा इथे बॉस्टनमध्ये रात्रीचे साडेनऊ-दहा वाजलेले असतात. भांडी आवरून मी नुकतीच टेकलेली असते आणि वाद पेटलेला असतो. 2025 च्या जुलैअखेरीस पेटलेला वाद खरं तर एप्रिलपासून धुमसत होता. दिल्लीच्या स्टार्टअप महाकुंभात पीयूष गोयल यांनी विचारलं होतं की, आपण डिलिव्हरी बॉय-गर्ल होण्यातच समाधान मानणार आहोत का? तेव्हापासून ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणतो, संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च करता आणि वर भाषणं कसली देता? दुसरा म्हणतो, पैसा आला तरी कंपन्या चालवणार शेठजीच, त्या एकदा शास्त्रज्ञांच्या हातात देऊन बघा. अशात सत्यजितने रेप्लिम्यूनच्या औषधाला अमेरिकेत मंजुरी नाकारल्याची बातमी टाकली आणि खाली एक ओळ लिहिली, "घ्या तुमची शास्त्रज्ञाची कंपनी. झोपली."

ही कंपनी बॉस्टनच्या उत्तरेला वोबर्न गावात आहे. कॅन्सरवर विषाणू वापरून औषध करणं हाच तिचा धंदा. माझा तिच्याशी काही संबंध नाही, पण तिच्या थोरल्या भावंडाशी आहे. मी एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते आणि टी-व्हेक हे मेलानोमावरचं, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरवरचं औषध आमच्या फ्रीजरमधून बाहेर पडतं तेव्हा बऱ्याचदा हातमोजे माझेच असतात. उणे सत्तरच्या खाली ठेवलेली एक मिलीलिटरची व्हायल. पहिल्या डोसची पातळ, हिरव्या झाकणाची. तीन आठवड्यांनी त्याच्या शंभरपट तीव्र, निळ्या झाकणाची. खोलीच्या तापमानाला अर्धा तास वितळू द्यायची, हलवायची नाही, नुसती अलगद फिरवायची. आमच्यातली कोणी गरोदर असेल तर ती त्या दिवशी या टेबलाजवळ येत नाही, कारण आतला विषाणू जिवंत असतो. ताप उतरल्यावर ओठाच्या कडेला फोड येतात, आमच्याकडे 'जर उठली' म्हणतात, त्याच हर्पिसचा हा विषाणू.

त्याचे दोन जीन काढून टाकलेले आहेत. एक काढल्यामुळे तो मज्जापेशींत वाढू शकत नाही. दुसरा जीन लागण झालेली पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांपासून लपवायचा, तोही गेला. वर माणसाचा एक जीन घातलाय, जो प्रतिकारपेशींना हाक मारून बोलावतो. सुई थेट त्वचेवरच्या गाठीत. तिथे विषाणू वाढतो, पेशी फोडतो, आणि फुटलेल्या पेशींचे तुकडे बघून शरीराला उरलेला कॅन्सर ओळखता येतो. निदान अपेक्षा तरी तशी.

हे ज्यांनी घडवलं ते रॉबर्ट कॉफिन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले विषाणूशास्त्रज्ञ. 1999 मध्ये तिथून बायोव्हेक्स ही कंपनी निघाली. पुढे तिचा कारभार वोबर्नला आला आणि 2011 मध्ये अ‍ॅमजेनने ती घेतली, 42.5 कोटी डॉलर रोख आणि पुढचे टप्पे गाठले तर आणखी 57.5 कोटी या बोलीवर. टी-व्हेकच्या 436 रुग्णांच्या चाचणीत गाठी टिकाऊपणे आक्रसल्या 16.3 टक्क्यांच्या. तुलनेच्या गटात 2.1 टक्के. ऑक्टोबर 2015 मध्ये अमेरिकेत मंजुरी. तोवर कॉफिन यांनी त्याच वर्षी रेप्लिम्यून काढली होती. विषाणू पुन्हा हर्पिसच, पण त्यात गिबन वानराच्या एका विषाणूचं प्रथिन जोडलेलं, ज्याने शेजारच्या कॅन्सरपेशी एकमेकींना चिकटून एकत्र मरतात. नाव आरपी-1.

ग्रुपवर मी लिहिलं ते एवढंच. बायोव्हेक्समध्ये कॉफिन संस्थापक होते, पण सीईओ नव्हते. रेप्लिम्यूनमध्ये सुरुवातीला ती खुर्ची त्यांनी घेतली, मग दुसऱ्याला दिली आणि स्वतः संशोधनाकडे राहिले. फिलिप अ‍ॅस्टली-स्पार्क हे व्यवहार बघणारे गृहस्थ दोन्ही कंपन्यांत त्यांच्याबरोबर. म्हणजे 'शास्त्रज्ञाच्या हातात द्या' म्हणताना आपण सगळ्या किल्ल्या एकाच्या कमरेला अडकवतो, तसं इथेही झालेलं नाही.

आता ती बातमी. मेलानोमाचे 140 रुग्ण, ज्यांच्यावर नेहमीची प्रतिकारवर्धक औषधं चालेनाशी झाली होती. त्यांना आरपी-1 आणि जोडीला त्याच जातीचं निव्होलुमॅब दिलं. सुमारे तिघांत एकाच्या गाठी आक्रसल्या. तुलनेचा गट नव्हता. कंपनीचं म्हणणं असं की, ज्या जातीचं औषध हरलं तेच पुन्हा देऊन एवढे लोक सुधारत नाहीत, म्हणजे काम विषाणूचंच. 22 जुलैला एफडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाचं पत्र आलं: ही चाचणी पुरेशी आणि नियंत्रित नाही, रुग्ण फार वेगवेगळे आहेत, निष्कर्ष काढता येत नाही. औषध धोकादायक आहे असं त्यात नव्हतं. दोघांनी मिळून विहीर खणली, पाणी कोणाच्या पहारीला लागलं ते सांगा, एवढंच होतं. शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त पडला.

मला ते पत्र पटलं, आणि पटल्याचा रागही आला. फार्मसीच्या खिडकीतून समोरची वेटिंग रूम दिसते. तिथे बसलेल्याला 'नियंत्रित चाचणी येईल, 400 रुग्णांची आहे, सुरू झाली आहे' हे कोण सांगणार? इथल्या मेलानोमाच्या डॉक्टरांनीही उघड नाराजी दाखवली. ऑक्टोबरमध्ये कंपनीचा फेरअर्ज दाखल करून घेतला गेला आणि निकालाची तारीख 22 एप्रिल 2026 ठरली.

इथे सत्यजित म्हणाला, "बघ, तुमच्याकडेही सरकार शास्त्रज्ञाला आडवं येतं." मला जानेवारी 2021 आठवला. कोव्हॅक्सिनला 'क्लिनिकल ट्रायल मोड'मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्यातल्या परिणामकारकतेचे आकडे हातात नव्हते. त्या लशीतला विषाणू आपल्या पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेने वेगळा केलेला. लस बनवणाऱ्या भारत बायोटेकचे प्रमुख कृष्णा एल्ला स्वतः शास्त्रज्ञ, अमेरिकेतून परतलेले. आकडे मागणाऱ्यांवर ते जाहीरपणे उखडले, आणि ग्रुपवर आमच्यातल्या एकीला 'देशद्रोही' म्हटलं गेलं. तिने फक्त विचारलं होतं की, किती जणांवर चाचणी झाली? पुढे आकडे आले, 77.8 टक्के, वाईट नव्हते. पण तिने ग्रुप सोडला तो सोडलाच. ही गोष्ट मी लिहिल्यावर पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही, मग कोणीतरी गणपतीच्या आरासाचा फोटो टाकला.

मधली वाट जपानने काढली आहे, तिचं मला जास्त कौतुक वाटतं. टोकियो विद्यापीठातले मेंदूचे सर्जन तोमोकी तोदो यांनी हर्पिसचाच, तीन ठिकाणी बदललेला विषाणू तयार केला. तोही तुलनेच्या गटाशिवाय, ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरच्या अवघ्या 19 रुग्णांवर तपासलेला. जून 2021 मध्ये मंजुरी दिली, पण सशर्त आणि सात वर्षांपुरती. त्या मुदतीत आकडे आणून दाखवायचे. प्राध्यापकाचा मान राहिला आणि गळ्यात दोरीही राहिली.

आपल्याकडे असा माणूस नाही असं नाही. राहुल पुरवार बॉस्टनमधलं काम सोडून 2013 मध्ये आयआयटी मुंबईत गेले. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर कार-टी (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडायचा उपचार) तयार केलं, इम्युनोअ‍ॅक्ट कंपनी काढली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये नेक्सकार-19 या नावाने त्याला मंजुरी मिळाली. इथे ज्या उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागत होते तो तिथे तेव्हा 40 लाखांच्या आसपास होता. यावर ग्रुपवर काय चर्चा झाली? 'प्रोफेसर कंपनी काढतात, मग वर्गात शिकवणार कोण?' हसू नका, खरंच हीच झाली. रुग्णांवरच्या चाचण्या टाटाच्या डॉक्टरांनी घेतल्या, म्हणजे प्रयोगशाळेत बनवणारा आणि रुग्णांवर पारखणारा वेगळे होते, याकडे कोणाचं लक्षच नाही. मला त्या बातमीत तेवढंच महत्त्वाचं वाटलं होतं.

आमच्या टेबलावर व्हायल काढली की लेबल मी वाचते, मग दुसरी फार्मासिस्ट वाचते, मग दोघींच्या सह्या. चौदा वर्षं झाली तरी माझ्या एकटीच्या सहीवर ती खिडकीबाहेर जात नाही. पहिल्या वर्षी याचा मला अपमान वाटायचा.

"तू तिकडून उंटावरून शेळ्या हाक," सत्यजितने लिहिलं, "पण सांग, तू असतीस तर मंजुरी दिली असतीस?" मी लिहिलं, दिली असती, जपानसारखी, मुदत घालून. त्यावर त्याचं उत्तर आलं, "आणि मुदत संपल्यावर परत काढून घेतली असतीस?"

मी अजून टाइप करतेय.