पर्मचं बॅले ही लेनिनग्राडची देणगी नव्हे

रशियाच्या उरल भागातल्या पर्म शहराबद्दल एक विधान सतत फिरत असतं: ‘‘पर्म म्हणजे नुसतं कारखान्यांचं गाव. 1941 मध्ये लेनिनग्राडचं किरोव्ह थिएटर युद्धामुळे तिथे हलवलं, आणि परत जाताना ते ऑपेरा-बॅले मागे ठेवून गेलं. शिवाय प्रसिद्ध बॅले-निर्माता दियागिलेव्ह तिथे वाढला, म्हणजे नाच त्या मातीतच.’’ हे सरसकट खोटं नाही, म्हणूनच एकेक मुद्दा सोडवून बघायला हवा.

‘1941 पूर्वी काहीच नव्हतं’ हे साफ चूक. पर्ममध्ये ऑपेरा सुरू झाला तो 24 नोव्हेंबर 1870 रोजी, रशियन संगीतकार ग्लिंकाच्या ‘झारसाठी प्राणार्पण’ने, लाकडी थिएटरात. पक्की इमारत त्यानंतर काही वर्षांनी उभी राहिली. 1897 च्या जनगणनेतही शहराची वस्ती 45 हजारांच्या आसपासच होती. एवढ्याशा गावात खासगी कंत्राटदाराला ऑपेरा परवडणं अवघड: वाद्यवृंद, कोरस आणि मुख्य गायक यांचे पगार हंगामभर द्यायचे आणि प्रेक्षक मात्र तेच ते. म्हणून 1890 च्या दशकात नगरपालिकेनं थिएटर स्वतः चालवायला घेतलं, हे आम्हाला या इतिहासातलं फार मोलाचं पाऊल वाटतं.

बॅलेची सुरुवात 2 फेब्रुवारी 1926 ला, ‘जिझेल’ने. किरोव्हची मंडळी यायला तेव्हा अजून 15 वर्षं होती.

दियागिलेव्हचा मुद्दा थोडक्यात मिटतो. तो पर्ममध्ये वाढला, तिथल्या शाळेत शिकला, हे खरं. पण 1890 मध्ये तो पीटर्सबर्गला (म्हणजे नंतरच्या लेनिनग्राडला) गेला आणि त्याची बॅले कंपनी पुढे पश्चिम युरोपात चालली. पर्मची नृत्यमंडळी उभी राहण्याशी त्याचा संबंध नाही.

आता युद्धकाळ. किरोव्ह थिएटर 1941 ते 1944 पर्ममध्ये होतं. संगीतकार खाचातुरियानच्या ‘गयाने’ या बॅलेचा पहिला प्रयोग 9 डिसेंबर 1942 ला इथेच झाला; ‘तलवारनृत्य’ पहिल्यांदा वाजलं ते याच बॅलेत. (जुन्या जाहिरातींत ‘पर्म’ शोधू नका. 1940 ते 1957 शहराचं नाव मोलोतोव्ह होतं.) पण निर्मिती किरोव्हची, नृत्यरचना त्यांच्याच नीना अनिसिमोव्हाची. तेव्हा ‘गयाने’ पर्मच्या मंडळीच्या खात्यावर मांडणंही बरोबर नाही. 1944 मध्ये पाहुणी मंडळी आपले नर्तक घेऊन घरी गेली.

मग मागे काय उरलं? अर्धं खरं आहे ते इथे. बॅलेची मंडळी अशी ठेवून जाता येत नाही. ‘जिझेल’च्या दुसऱ्या अंकात विलींची (लग्नाआधी मेलेल्या मुलींच्या आत्म्यांची) रांग एकाच वेळी पाय उचलते, नर्तकी निरनिराळ्या शाळांतून आल्या असतील तर मानेचा कल, हाताची गोलाई, पायाची उंची जुळत नाही आणि रांग तुटकी दिसते. ते जुळायला सगळ्यांची तालीम एका पद्धतीची लागते, आणि ती साधारण दहाव्या वर्षापासून आठ वर्षं चालते. तीन हंगामांत ते होणं शक्यच नव्हतं.

ते काम केलं एकातेरिना हायडेनराइख यांनी. त्या लेनिनग्राडच्या नर्तकी आणि शिक्षिका. 1942 मध्ये राजकीय आरोपाखाली त्यांना अटक झाली, शिक्षा झाली; बाकीच्यांबरोबर परतणं त्यांच्या नशिबी नव्हतं. 1945 मध्ये त्यांनी पर्मला बॅलेची शाळा सुरू केली. पद्धत लेनिनग्राडची, मुलं मात्र इथे वाढलेली. आठ वर्षांचा हिशोब धरला तर 1945 मध्ये पहिल्या वर्गात बसलेलं मूल 1953 मध्ये रंगमंचावर उभं राहणार, म्हणजे किरोव्ह परतल्यावर नऊ वर्षांनी. याला ‘देणगी’ म्हटलं की एका शिक्षा भोगलेल्या बाईचे कष्ट पुसले जातात, याचं आम्हाला वाईट वाटतं.

याच शाळेत ल्युदमिला साखारोव्हांच्या हाताखाली चेबोक्सारीची नादेझ्दा पाव्हलोव्हा शिकली. 1973 च्या मॉस्को आंतरराष्ट्रीय बॅले स्पर्धेत तिनं ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च पारितोषिक, मिळवलं, तेव्हा ती 17 वर्षांची होती आणि अजून पर्मचीच विद्यार्थिनी होती.