ती पाण्याकडे चाललीच नव्हती : एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

‘अवेकनिंग्ज’ या सिनेमावरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर, आणि खरं सांगायचं तर इतकं चिडून लिहिलंत, की दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं होणं बरं दिसणार नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: मी रुग्णांना ‘कोमातले’ म्हटलं ते साफ चूक, सिनेमा औषधाला जादूची कांडी करतो, बोलू न शकणाऱ्या माणसांवर त्यांना न विचारता प्रयोग झाला आणि मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि सगळं कौतुक डॉक्टरच्या पदरात, रुग्ण नुसते शोभेला.

पहिल्या मुद्द्यावर कान पकडतो. ते कोमात नव्हते. १९१६-१७पासून पुढची दहाएक वर्षं एन्सेफलायटिस लेथार्जिकाची, म्हणजे माणसाला गुंगीत लोटणाऱ्या मेंदूच्या दाहाची साथ जगभर फिरली. व्हिएन्नाच्या फॉन इकॉनोमो या डॉक्टरने १९१७मध्ये तिचं वर्णन केलं. त्यातून वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे, कधी कधी बऱ्याच वर्षांनी, पार्किन्सन्ससारखा पण त्याहून भयंकर ताठरपणा आला. ज्यांच्या पुस्तकावर हा सिनेमा बेतला आहे ते मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स १९६६मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या बेथ अब्राहम रुग्णालयात रुजू झाले, तेव्हा असे सुमारे ८० जण तिथे होते. पुतळ्यासारखे बसलेले, पण आत जागे. ‘कोमा’ म्हटलं की ही सगळ्यात भीतीदायक गोष्टच निघून जाते, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

जादूच्या कांडीबद्दल अर्धं मान्य. सिनेमात एल-डोपा हे औषध दिल्यावर अख्खा वॉर्ड एका रात्रीत जागा होतो आणि पुढे सगळे एकदमच मावळत जातात. सॅक्स यांच्या १९७३च्या पुस्तकात २० रुग्णांच्या कहाण्या आहेत आणि त्यातल्या कुणाचंच दुसऱ्यासारखं झालेलं नाही. मला त्याहून खटकते ती दुसरी लबाडी. सिनेमातला मुख्य रुग्ण लेनर्ड, त्याला एकट्याने बाहेर फिरायला जायचंय, रुग्णालयाचे वरिष्ठ नाही म्हणतात, तो चिडतो आणि लगेच त्याच्या अंगाला झटके येऊ लागतात. बघणाऱ्याला वाटतं, त्या दुष्टांनी अडवलं म्हणूनच हे झालं. पण तसे झटके, चढउतार, भ्रम हे एल-डोपाचेच परिणाम. (तुम्हाला सांगायला नको, इतरांसाठी: हालचालीसाठी मेंदूला लागणारं डोपामिन हे रसायन थेट रक्तातून मेंदूत शिरत नाही, एल-डोपा शिरतं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. पण त्याला वापरणाऱ्या पेशीच मोजक्या उरल्या असतील तर मात्रेचा तोल साधणं महाकठीण.) पटकथेला खलनायक हवा होता, तो मिळाला. लेनर्ड झालेल्या रॉबर्ट डी निरोने ते झटके ज्या ताकदीने उभे केलेत, त्यापुढे खलनायकाची गरजच नव्हती.

आता तुमचा खरा मुद्दा, संमतीचा. सिनेमात डॉ. सेयर (सॅक्स यांचंच पडद्यावरचं रूप) लेनर्डच्या आईची सही घेतात. लेनर्डला कुणी विचारत नाही. मी हे दोनदा पाहूनही माझ्या डोक्यात आलं नाही, ते तुमच्यामुळे आलं. सॅक्स यांच्या बाजूने एवढंच म्हणेन की त्यांनी घाई केली नाही. पार्किन्सन्सवर एल-डोपा वापरून पाहणाऱ्या डॉ. कोट्झियास यांचे निष्कर्ष १९६७चे, आणि सॅक्स यांनी औषध सुरू केलं १९६९च्या मार्चमध्ये. तरी प्रश्न उरतोच. पुस्तकातली रोझ आर. एकविसाव्या वर्षी, १९२६मध्ये आजारी पडली आणि चौसष्टाव्या वर्षी जागी झाली. ती १९२६मधल्यासारखीच बोलत होती, त्या काळची गाणी म्हणत होती. आपण कुठल्या सालात आहोत हे तिला ठाऊक होतं, फक्त ते झेपत नव्हतं. थोड्याच आठवड्यांत औषध लागू पडेनासं झालं. हा काळ तिला सोसलाच नसावा, अशी शंका खुद्द सॅक्स यांना आली. तिला आधी विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती?

पण म्हणूनच तुमचा शेवटचा आक्षेप मला पटत नाही. सिनेमातल्या ल्यूसी या रुग्णाचा प्रसंग आठवा. तीही अशीच जागच्या जागी गोठलेली. एकदा उठून चालू लागते आणि मध्येच थबकते. डॉक्टरांना वाटतं, ती प्यायच्या पाण्याच्या नळाकडे निघाली असणार. मग लक्षात येतं की जिथे ती थांबते तिथेच जमिनीवरची काळी-पांढरी नक्षी संपते. डॉक्टर आणि नर्स एलिनर उरलेली जमीन चौकटी-चौकटींनी रंगवतात. ल्यूसी चालू लागते, नळाला मागे टाकते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते.

डॉक्टरचा अंदाज चुकला होता. तिला पाणी नको होतं, बाहेर बघायचं होतं. अजून औषधाचा थेंबही दिलेला नाही आणि सिनेमाने तुमचाच आक्षेप डॉक्टरच्या तोंडावर मारलाय. हिला काय हवंय ते तू परस्पर ठरवलंस! याला डॉक्टरचा उदोउदो म्हणता येईल?

हे दृश्य मला जरा जास्तच लागतं, त्याला घरचं कारण आहे. माझ्या मामांना पार्किन्सन्स होता. सपाट, मोकळ्या पॅसेजमध्ये त्यांचे पाय जमिनीला खिळायचे आणि जिना मात्र ते सरसर चढायचे. आम्हाला वाटायचं, सोंग करतात. मामी तर बोलूनही दाखवायची. मग फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. त्यांनी पाच मिनिटं नुसतं मामांच्या पायांकडे पाहिलं आणि पॅसेजभर पाऊल-पाऊल अंतरावर पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या लावल्या. मामा त्या ओलांडत बाथरूमपर्यंत एकटे गेले. बाहेर येऊन त्यांनी मामीकडे जे पाहिलं, ते तिला शेवटपर्यंत पुरलं.

तेव्हा रॉबिन विल्यम्सने साकारलेल्या त्या बुजऱ्या डॉ. सेयरला मी हिरो म्हणतो ते औषध दिलं म्हणून नाही. तो जमिनीकडे बघत बसला म्हणून. हे मूळ लेखात मी लिहायला हवं होतं, त्याऐवजी ‘चमत्कार’ हा शब्द तीनदा वापरला. आता मोजले.

‘कोमा’ काढून टाकलाय, संमतीचा परिच्छेद तुमचा उल्लेख करून जोडतोय. शेवटी डॉक्टर धावत जाऊन एलिनरला कॉफीला बोलावतो तो प्रसंग तुम्हाला गोडमिट्ट वाटला. मलाही वाटला. पण तो काढा म्हणाल तर मी भांडेन.