हॉकिन्सने गाणं टाकलं नाही : 'बॉडी अँड सोल'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, तेव्हा दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला जमणार नाही. 'बॉडी अँड सोल' या जॅझमधल्या गाजलेल्या गाण्याच्या वेगवेगळ्या रेकॉर्ड एकमेकींशेजारी ठेवताना मी सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सची १९३९ची रेकॉर्ड सगळ्यांच्या वर ठेवली, ते तुम्हाला पटलं नाही. सुरुवातीचे काही बार (चार-चार मात्रांचे गट) सोडले तर तिच्यात मूळ चाल सापडतच नाही, शब्द तर नाहीतच. विरहाचं गाणं घेऊन एक माणूस तीन मिनिटं नुसती तयारी दाखवतो, असं तुमचं म्हणणं. पहिला मान गायिका बिली हॉलिडेचा हवा होता, असंही तुम्ही लिहिलंत. आणि शेवटी विचारलंत, की सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने कॉर्डच (चालीखाली एकत्र वाजणारे स्वरसमूह) बदलले, त्याचंही तुम्ही कौतुक करता, मग मूळ गाण्याला काही किंमत आहे की नाही?

या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचे आक्षेप त्याच्या पोटातच आहेत. किंमत आहे, आणि फार मोठी आहे. या गाण्यात सांभाळण्यासारखं नेमकं काय आहे, तिथे आपले रस्ते वेगळे होतात.

संगीतकार जॉनी ग्रीनने १९३० साली ही चाल अभिनेत्री-गायिका गर्ट्रूड लॉरेन्ससाठी बांधली. ती गाणं लंडनला घेऊन गेली आणि तिथल्या डान्स बँडनी ते उचललं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिबी होलमनने ते ब्रॉडवेवर गायलं आणि लुई आर्मस्ट्राँगने लॉस एंजेलिसमध्ये रेकॉर्ड केलं, गळ्यानेही आणि ट्रम्पेटवरही. म्हणजे पहिल्याच वर्षी ते गाणाऱ्यांचं होतं तसं वाजवणाऱ्यांचंही झालं. वाजवणारे त्याच्यामागे का लागले, ते चालीखालची बांधणी पाहिली की कळतं.

पेटीवाल्यांच्या भाषेत सांगतो. गाणं काळी एकमध्ये आहे. आठ बारचा पहिला भाग (त्याला मुखडा म्हणू), तोच पुन्हा, मग आठ बारचा मधला भाग (त्याला अंतरा म्हणू), आणि पुन्हा पहिला भाग. बत्तीस बारचं एक आवर्तन. पहिली गंमत अशी, की गाणं षड्जाच्या कॉर्डवर सुरूच होत नाही. ते शेजारच्या, रिषभावरच्या मायनर कॉर्डवरून सुरू होतं आणि मग घरी येतं. दुसरी गोष्ट त्याहून धाडसाची. अंतऱ्याला षड्जच उचलून पांढरी दोनला जातो, म्हणजे फक्त अर्धा स्वर वर. चार बार तिथे राहून तो पांढरी एकला उतरतो, आणि मग तीन कॉर्ड अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली घसरत आपल्याला पुन्हा मुखड्याच्या दारात आणून सोडतात. १९३०च्या एका नाटकी गाण्यासाठी हे विलक्षण आहे. गाण्यातली अस्वस्थता शब्दांत आहे तेवढीच या सरकत्या षड्जात आहे. किंबहुना मला ती तिथेच जास्त ऐकू येते.

आता हॉकिन्स. पाच वर्षं युरोपात वाजवून तो १९३९च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला परतला होता. ११ ऑक्टोबरला रेकॉर्डिंग झालं. जीन रॉजर्स पियानोवर चार बारचा प्रवेश देतो आणि तिथून शेवटपर्यंत हॉकिन्सचा टेनर सॅक्सोफोन एकटा बोलतो. दोन आवर्तनं, चौसष्ट बार. चाल तो सुरुवातीला ओळख पटण्यापुरती सांगतो आणि सोडून देतो, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण तो नंतर काय वाजवतो? प्रत्येक कॉर्डच्या आत उतरून त्यातले स्वर उलगडतो, आणि एका कॉर्डमधून दुसऱ्यात जाणाऱ्या वाटा दाखवतो. अंतरा येतो तेव्हा मागची साथ झाकून टाकली तरी फक्त त्याच्या ओळीवरून कळतं, की षड्ज हलला. एकाही बारमध्ये तो ग्रीनच्या बांधणीबाहेर पाऊल टाकत नाही. ख्यालात बंदिशीचा मुखडा एकदा मांडला की गायक पुढचं सगळं रागात आणि तालात करतो, तेव्हा 'बंदिश कुठे गेली' असं आपण विचारत नाही. राग वेगळा, कॉर्डची मालिका वेगळी, हे मान्य. पण ऐकण्याची ही सवय मराठी कानाला मुळातच आहे. ती इथे बाजूला ठेवायचं कारण मला दिसत नाही.

आणि तयारीबद्दल. हॉकिन्सनंतर असे खूप सॅक्सोफोनवाले झाले की ज्यांनी कॉर्डच्या शिड्यांवर चढउतार केली आणि त्यालाच सोलो म्हटलं. तुमचा आक्षेप त्यांच्याबाबतीत मी एका पायावर मान्य करतो. या रेकॉर्डला मात्र तो लागू होत नाही, कारण तिच्यात चढ आहे आणि तो विचारपूर्वक राखलेला आहे. पहिलं आवर्तन जवळजवळ कुजबुजीत जातं, आवाजात श्वास मिसळलेला. दुसऱ्यात मागे इतर वाद्यांचे लांब स्वर येतात आणि त्याचा आवाज भरू लागतो, ओळी वर सरकतात. सगळ्यात उंच, सगळ्यात ताणलेली जागा तो शेवटच्या आठ बारसाठी ठेवतो. मग साथ थांबते आणि तो एकटाच गाणं खाली उतरवतो. नुसती तयारी दाखवायची असती तर त्याने ती पहिल्याच आवर्तनात खर्च केली असती. एक वर्ष आधीची, १९३८ची, सॅक्सोफोनवादक चू बेरी आणि रॉय एल्ड्रिजची रेकॉर्ड ऐका. तिथे एल्ड्रिज ट्रम्पेटवर लय दुप्पट करतो. ती रेकॉर्ड मला खूप आवडते, पण तिच्यातला आनंद वेगाचा आहे. हॉकिन्सचा नाही.

कोल्ट्रेनने १९६०मध्ये बरोबर उलटं केलं. चाल तो स्वच्छ, जवळजवळ सरळ वाजवतो; तुम्हाला हवी असलेली चाल त्याच्याकडे हॉकिन्सपेक्षा कितीतरी जास्त आहे! त्याने बदलला तो खालचा मजला. मुखड्याखाली बास एकाच स्वरावर ठाण मांडून बसतो, वर पियानोवर मॅकॉय टायनरचे कॉर्ड हलत राहतात, आणि अंतऱ्यात कोल्ट्रेन षड्जाला दोन-दोन स्वरांच्या उड्या मारायला लावतो, त्याच्या त्या काळातल्या आवडत्या पद्धतीने. तरी गाणं ओळखू येतं. एकाने चाल सोडून कॉर्ड राखले, दुसऱ्याने कॉर्ड बदलून चाल राखली, आणि दोघांच्याही हातात 'बॉडी अँड सोल' जिवंत राहिलं. यात गाण्याचा अपमान मला दिसत नाही. ते किती भक्कम बांधलंय, त्याचा हा पुरावा आहे.

याच्याही टोकाला सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स गेला. मुंबईच्या १९७८च्या जॅझ यात्रेत वाजवून गेला तोच रॉलिन्स. १९५८मध्ये त्याने हे गाणं एकट्या सॅक्सोफोनवर, कुणाच्याही साथीशिवाय रेकॉर्ड केलं. तिथे कॉर्ड वाजवायला कुणी नाहीच, तरी ते ऐकू येतात. हॉकिन्सने घालून दिलेल्या वाटेशिवाय ही रेकॉर्ड मला कल्पनेतही आणता येत नाही.

शब्दांचा मुद्दा राहिला. गायक एडी जेफरसनने हॉकिन्सच्या १९३९च्या सोलोवरच, स्वरान्‌स्वर धरून, नवे शब्द लिहिले आणि तो गायला. हॉकिन्सलाच वाहिलेले शब्द. पुढे १९७९मध्ये मॅनहॅटन ट्रान्सफर या गायकसमूहाने जेफरसनला धरून आपली आवृत्ती केली. ज्या ओळींत तुम्हाला फक्त तयारी ऐकू आली, त्या गाता येतात. त्यांना श्वास घ्यायच्या जागा आहेत, वाक्यं आहेत, प्रश्न आणि उत्तरं आहेत. नुसत्या कसरतीवर असे शब्द बसत नाहीत.

आणि बिली. तिच्यावरचं तुमचं प्रेम मला पूर्ण समजतं. तिची १९४०ची रेकॉर्ड माझ्या क्रमात दुसरी आहे, तीही हॉकिन्सच्या अगदी लगत. पण एकदा ग्रीनची छापील चाल पेटीवर वाजवून मग ती रेकॉर्ड लावून बघा. बिली छापलेले उंच स्वर खाली आणते, दूरदूरचे स्वर जवळ ओढते, शब्द ठोक्याच्या मागे टाकते आणि अगदी शेवटच्या क्षणी लय गाठते. शब्द तेच असल्यामुळे आपल्याला वाटतं, की चालही तीच आहे. मूळ चालीशी प्रामाणिक राहणं हीच कसोटी असेल तर बेनी गुडमनच्या त्रयीची १९३५ची रेकॉर्ड बिलीच्या वर जाईल, टेडी विल्सनच्या सुरेख पियानोसकट, आणि ते तुम्हालाही नको असेल. टोनी बेनेट आणि एमी वाइनहाउस या गायकांच्या २०११च्या रेकॉर्डवर स्वतंत्र लिहायचं आहे, म्हणून तिला इथे हात लावत नाही. ती एमीची शेवटची रेकॉर्ड ठरली, आणि तिच्या गळ्यात बिलीच्या गाण्याचा अभ्यास स्पष्ट ऐकू येतो.

बिलीने हे गाणं १९५७मध्ये पुन्हा रेकॉर्ड केलं, आवाज थकलेला असताना, आणि त्या अल्बमचं नावही 'बॉडी अँड सोल'च आहे. तो तुमच्या संग्रहात असणारच. त्यावर बिलीच्या साथीला टेनर सॅक्सोफोन बेन वेब्स्टरचा आहे. वेब्स्टरचा तो श्वासाने भरलेला, रुंद आवाज हॉकिन्सच्या शाळेतून आलेला आहे. हा अल्बम आणि १९३९ची रेकॉर्ड एका संध्याकाळी पाठोपाठ ऐका आणि तुमचा क्रम मला कळवा. तो माझ्यापेक्षा वेगळा निघाला तरी मला तो कारणांसकट वाचायचा आहे.