काढा त्या कोचला!

ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात राहायचं तर तीन गोष्टी जवळ लागतात: गाडीचं लायसन्स, बर्फ उपसायचं फावडं आणि रायन डे या गृहस्थांबद्दल एक ठाम मत. लायसन्स सरकार देतं, फावडं दुकानात मिळतं. मत मात्र ज्याचं त्याने तयार करायचं असतं, आणि माझ्याकडे ते नाही.

रायन डे म्हणजे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचे हेड कोच. फुटबॉल म्हणजे इथला. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा. डेंना ठेवावं की काढावं, या प्रश्नाला इथे सुट्टी नाही. दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस कोंबला, वर ती पाणी ओढणारी नळी अडकवली आणि मग विचारलं, "काय वाटतं, काढायला हवा ना?" मी जिवाच्या आकांताने "आँ आँ" केलं. मला दाढेबद्दल बोलायचं होतं. त्यांनी आनंदाने मान डोलावली आणि मी आपल्याच पक्षाचा म्हणून भुलीचं एक इंजेक्शन जास्तीचं दिलं.

ऑफिसात सोमवारची मीटिंग असते. आमचं रिलीज कित्येक महिने रखडलेलं आहे. ते का रखडलं, यावर सात जणांची सात मतं आहेत. पण डेंना वेळेचं नियोजन जमत नाही, यावर सातही जणांचं एकमत! केस कापणाऱ्याकडे गेलो तर तो वस्तरा मानेवर टेकवून बोलतो. तिथे मी कुठल्याही बाजूने मत द्यायला तयार असतो.

आता, हा माणूस हरतो किती? 2024 च्या नोव्हेंबरअखेर त्यांचा हिशोब होता 66 विजय आणि 10 पराभव. म्हणजे शंभरात सत्त्याऐंशी. आमच्या घरात सत्त्याऐंशी टक्के मिळाले असते तर आईने गल्लीभर पेढे वाटले असते. पण त्या दहा पराभवांतले चार मिशिगनच्या हातून झालेले, आणि तेही 2021 पासून लागोपाठ. मिशिगन म्हणजे उत्तरेकडचं शेजारचं राज्य. या दोन युनिव्हर्सिट्यांची मॅच 1897 पासून चालू आहे. ती नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी असते आणि तिला नाव नाही. नुसतं 'द गेम' म्हणतात. बाकीच्या अकरा मॅच जिंकून ही एक हरलात तर वर्ष फुकट गेलं. त्या आठवड्यात युनिव्हर्सिटीच्या आवारात पाट्यांवरच्या प्रत्येक इंग्रजी 'एम'वर लाल चिकटपट्टीची फुली मारतात. आमच्या मराठी मंडळाच्या बॅनरवर दोन एम आहेत. दोन्हींवर फुल्या मारलेला तो बॅनर मंडळाच्या खजिनदारांनी बघितला, तेव्हा त्यांना वाटलं की हे काम विरोधी गटाचं आहे. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

अशा गावात माझे सासरे, म्हणजे नाना, सांगलीहून ऑक्टोबरात येऊन दाखल झाले. निमित्त बायकोच्या बाळंतपणाचं. सासूबाईंना आल्या दिवसापासून काम होतं. नानांना काहीच नव्हतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस; आयुष्यभर इतरांच्या कामावर शेरे मारण्यात गेलेलं. इथे शेरा मारायला काही सापडेना म्हणून अस्वस्थ होते. रस्ते चांगले, वीज जात नाही, नळाला चोवीस तास पाणी. दोन दिवसांत चेहरा उतरला.

मग एका शनिवारी रात्री त्यांनी ओरेगनची मॅच बघितली. 32-31 ने मागे असलेली आपली टीम, शेवटचे काही सेकंद, आणि क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, विल हॉवर्ड चेंडू घेऊन पळाला, घसरला, खाली बसला. घड्याळ संपलं. नानांना खेळाचा एकही नियम ठाऊक नव्हता. पण घड्याळ कळत होतं.

"हा बसला का?"

"नाना, त्याला वाटलं वेळ शिल्लक राहील."

"त्याला वाटलं? त्याला सांगायचं कुणी? तो कानाला डबडं लावून उभा आहे तो कोण?"

"ते कोच. रायन डे."

"काढा त्याला," नाना म्हणाले. उतरलेला चेहरा पुन्हा टवटवीत झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांना पगाराचा आकडा कळला: वर्षाला सुमारे एक कोटी डॉलर. राज्याच्या तिजोरीत नाव असलेल्यांत सगळ्यात जास्त पगार या माणसाचा, गव्हर्नरचा नव्हे. नानांनी पाठकोऱ्या कागदावर रुपये काढले आणि बराच वेळ कागदाकडे बघत बसले. "कॉलेजच्या पोरांना शिकवायचे?" एवढंच म्हणाले. मग मी त्यांना स्टेडियम दाखवायला नेलं. 1922 साली बांधलेलं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, 1,02,780 माणसं बसतात. "आणि वर्ग कुठे भरतात?" असं विचारून त्यांनी मला गप्प केलं.

आमचे शेजारी म्हणजे पंचाहत्तरीचे आजोबा, शाळेच्या बसवर ड्रायव्हर होते. नाना आणि ते कुंपणाशी भेटले आणि तिथून माझे खरे हाल सुरू झाले. नानांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहारातलं. "द सेड कोच शुड बी रिलीव्ह्ड विथ इमिजिएट इफेक्ट," असं त्यांनी म्हणताच आजोबांचे डोळे पाणावले. इतक्या नेमक्या शब्दांत त्यांच्या मनातलं आजवर कोणी मांडलं नव्हतं.

आजोबांनी नानांना इतिहास शिकवला. वूडी हेज, 1951 ते 1978, सर्वांचं दैवत. शेवटच्या मॅचमध्ये समोरच्या टीमच्या खेळाडूला ठोसा मारला आणि नोकरी गेली. "चुकलंच, पण मारला तरी!" हे आजोबांचं त्यावरचं भाष्य. मग अर्ल ब्रूस. त्याला 1987 मध्ये मिशिगनच्या मॅचच्या आठवड्यातच काढून टाकलं. तो तरीही मैदानावर गेला, पोरांनी त्याच्या नावाच्या पट्ट्या डोक्याला बांधल्या आणि मॅच जिंकली. मग जॉन कूपर: तेरा वर्षांत 111 विजय, पण मिशिगनविरुद्ध फक्त दोन. दहा हरला, एक बरोबरीत सुटली. घरी पाठवला.

नानांनी त्यावर आपल्या पोतडीतून अजित वाडेकर काढले. 1971 ला वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये जिंकून आले तर मुंबईत काय ते स्वागत! आणि 1974 ला लॉर्ड्सवर 42 मध्ये ऑल आउट झाल्यावर त्याच माणसाच्या घरावर दगड. आजोबांनी विचारलं, तुम्ही मारलात का? नाना म्हणाले, "आय वॉज इन सांगली." सांगलीतून नेम पोचत नाही, एवढीच अडचण होती, असं त्यांच्या आवाजावरून वाटलं.

या दोघांच्या मध्ये मला उभं करत. "जावईबापू, तुम्ही बोला. तुम्ही इथे राहता." मी म्हणे, सत्त्याऐंशी टक्के काही वाईट नाहीत. मग आजोबा नानांकडे बघत आणि नाना आकाशाकडे. पोरगी कुणाच्या घरात दिली, असं ते बघणं.

आमच्या मुलीचा बारावा दिवस नेमका 30 नोव्हेंबरला आला. तोच तो शनिवार. दुपारी बाराला किकऑफ. ओहायोत त्या वेळेला कोणी लग्न ठेवत नाही, आणि मरणाऱ्यालाही जरा दम धरा म्हणतील. बायको म्हणाली, बारसं करून टाकू. मी घाबरत घाबरत विषय काढणार, तेवढ्यात सासूबाईंनी भिंतीवरचं कालनिर्णय बघून निकाल दिला. "शनिवारी अमावस्या आहे. रविवारी करू." सासूबाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

आजोबांच्या तळघरात आम्ही बसलो. मिशिगनचं त्या वर्षी फारसं बरं चाललेलं नव्हतं. आपण वीसेक गुणांनी जिंकू असा जाणकारांचा अंदाज होता. आजोबांच्या हातात बाळंतिणीसाठी केलेला डिंकाचा लाडू. तो त्यांना इतका आवडला होता की पहिल्या हाफमध्ये बायकोचा आठवड्याचा रतीब संपला. दुसऱ्या हाफमध्ये मात्र लाडू हातात तसाच राहिला, हळूहळू मुठीत दाबला गेला आणि त्याचा भुगा गालिच्यावर सांडू लागला.

कारण आपली टीम चेंडू पुन्हा पुन्हा मधूनच घुसवत होती. मिशिगनची मधली फळी म्हणजे दीडदीडशे किलोची पोरं. बाजूला जेरेमाया स्मिथ नावाचा अफाट पोरगा मोकळा पळतोय, आणि हे आपले मधून.

"अहो, भिंत आहे तिथे!" नाना मराठीत ओरडले. "बाजूनं पाट काढा की!" तीस वर्षं कालवे बघितलेल्या माणसाचा तो तांत्रिक अभिप्राय होता आणि तो अगदी बरोबर होता, हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांवरूनही दिसलं. आपले दोन फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून लाथेने मारायचे चेंडू, हुकले. 45 सेकंद उरले असताना मिशिगनने एक सोपा मारला. 13-10. मग त्यांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायला घेतला, मारामारी झाली, पोलिसांनी तिखटाचा फवारा मारला. सासूबाई लाडवांचा रिकामा डबा न्यायला आल्या आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, "बघा. म्हटलं होतं, अमावस्या आहे."

नानांनी हे भाषांतर करून सांगितलं. आजोबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी ते ऐकलं.

पुढचे काही दिवस शहराची अवस्था सुतकासारखी होती. बारशाला आजोबा आले. बाळाच्या कानात आत्याने नाव सांगितलं तेव्हा त्यांनीही वाकून काहीतरी कुजबुजलं. काय, ते विचारायची माझी छाती झाली नाही. मग बातमी आली की डेंच्या घराबाहेर बंदूकधारी पहारा बसवावा लागला आहे. त्या संध्याकाळी नाना तावातावाने बोलायला लागले तर सासूबाई भाजी चिरताना एवढंच म्हणाल्या, "अहो, त्यांना शाळेत जाणारी मुलं आहेत ना?" नानांनी टीव्ही बंद केला. तेवढा एक दिवस आमच्याकडे शांतता होती.

त्या वर्षीपासून बारा टीमची प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणारी बाद फेरी, सुरू झाली होती, त्यामुळे दोन मॅच हरूनही ओहायो स्टेटला जागा मिळाली. आठवा नंबर. आतल्या गोटातून कळलं की मिशिगननंतर खेळाडू आणि कोच यांची एक लांबलचक बैठक झाली आणि तिथे सगळ्यांनी मनातलं काढलं. डेंनी ते ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर या माणसाबद्दल मत बनवावंसं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. अख्खं राज्य शिव्या घालत असताना वीस-बावीस वर्षांच्या पोरांकडूनही ऐकून घ्यायचं, आणि ऐकून खेळ बदलायचा, हे आमच्या ऑफिसात मी कधी पाहिलेलं नाही. हे मी नानांना बोललो. नाना म्हणाले, "पगार बघा ना, जावईबापू. त्यात शिव्या धरलेल्या आहेत."

टेनेसीची मॅच कोलंबसला होती. आपल्याच लोकांनी वैतागून तिकिटं विकलेली, त्यामुळे स्टेडियमचा बराच भाग पाहुण्यांच्या नारिंगी रंगाने भरलेला. सकाळी आजोबा आमच्या दारात. टोपी हातात. म्हणाले, तुमच्या सासूबाईंच्या त्या कॅलेंडरमध्ये आज काय आहे?

सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं. "हरकत नाही म्हणावं."

पहिल्याच क्वार्टरमध्ये 21-0, शेवटी 42-17. त्यानंतर आजोबा कुठलीही मॅच सासूबाईंच्या परवानगीशिवाय बघेनात. ओरेगनला एक जानेवारीला 34-0 करून मग श्वास घेऊ दिला. टेक्ससला 28-14. आणि 20 जानेवारीला अटलांटात नोत्र दामला 34-23 ने हरवून रायन डे राष्ट्रीय विजेते. आता चेंडू बाजूने जात होता. नाना प्रत्येक टचडाउनला "पाट काढला!" असं ओरडत होते आणि आजोबाही "पात कादला" म्हणून नाचत होते. ऑफिसात सातही जणांचं एकमत की डेंसारखा कोच नाही. दाताच्या डॉक्टरांनी तर भिंतीवर फोटोच लावला.

फेब्रुवारीत डेंचा करार वाढला: सात वर्षं, वर्षाला सव्वा कोटी डॉलर. नानांनी पुन्हा पाठकोरा कागद घेतला. रुपयांत शंभर कोटींच्या वर गेले. "काढायचं असतं तर आता परवडायचं नाही," ते म्हणाले, आणि मार्चमध्ये सांगलीला परतले.

पण सवय गेली नाही. 2025 च्या नोव्हेंबरात मी फोन टीव्हीसमोर टेकवून ठेवला. सांगलीत रात्रीचे साडेदहा. यंदा मिशिगनच्या गावात, ॲन आर्बरमध्ये जाऊन त्यांना 27-9 ने धुतलं, चार वर्षांचा वनवास संपला. मी म्हटलं, "नाना, आता तरी?"

"सुरुवात बघितलीत? आधी त्यांनाच सहा गुण देऊन बसले."

पुढच्याच आठवड्यात इंडियानाकडून हरलो. 13-10. गुणसुद्धा तेच, जुने. नानांचा फोन मॅच संपायच्या आत आला. आवाजात जो ताजेपणा होता तो मला वर्षभरात ऐकू आला नव्हता.

डिसेंबरअखेर त्यांनी कुरिअरने एक नवं कालनिर्णय पाठवलं. माझ्यासाठी नव्हे, आजोबांसाठी. आजोबांनी ते फ्रिजवर लावलं आणि मला बोलावून घेतलं. चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ पानं चाळत होते.

"यात कोच काढायला चांगला दिवस कुठे दिलेला असतो?"

मी बघितलं. लग्नाचे मुहूर्त होते, मुंजीचे होते, वास्तुशांतीचेही होते.