नुसतं बसायचं की हो!

भाच्यानं हवा भरायची कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची लांबट नाव, विकत घेतली आणि मे महिन्यातल्या एका रविवारी दारात जीप आणून लावली. "मामा, हिडकल धरणावर जाऊ. काय करायचं नाही, नुसतं बसायचं की हो!" लग्नाला 26 वर्षं झाली, पण नुसतं बसायला म्हणून मला कुणी बोलावलं नव्हतं. फसलो.

आरामाची सुरुवात पंपानं झाली. पायानं दाबायचा पंप, अर्धा तास. कयाक फुगली, माझ्या पोटऱ्याही फुगल्या. लाइफ जॅकेटचा पट्टा पोटापर्यंत आला आणि तिथंच अडला. मग चिखल. उन्हाळ्यात पाणी आत सरकतं, आणि पाण्यापर्यंतचा तेवढा रस्ता चिखलाचा. एक चप्पल तिथंच राहिली.

पाणी बघून मात्र जीव निवला. बेळगावात कळशी घेऊन ज्याची वाट बघतो, ते घटप्रभेनं इथं असं पसरून ठेवलेलं! पाणी ओसरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं. "तिथवर जाऊ या," बायको म्हणाली.

दोघांच्या कयाकमध्ये पुढच्यानं ताल धरायचा, मागच्यानं तो सांभाळत नाव वळवायची. बायको पुढं बसली. म्हणजे घरचीच व्यवस्था, फक्त ओली. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. एक पाण्यात गेलं की दुसऱ्यावरचं पाणी दांड्यावरून ओघळत थेट मांडीवर. दहा मिनिटांत माझी विजार बघून कुणालाही भलतीच शंका आली असती.

"उजवीकडं मारा!" मारलं. नाव डावीकडं गेली.

"उजवीकडं म्हटलं की!"

"उजवीकडंच मारलं!"

उजव्या बाजूला वल्हं मारलं की नाव डावीकडं वळते. हे तिला पटवून देईस्तोवर आमचे तीन गोल पुरे झाले. अशा नावेला घटस्फोटाची नाव म्हणतात म्हणे. भाच्यानं हे काठावर परत आल्यावर सांगितलं.

एवढ्यात एक मासे धरणारा बुट्टीसारख्या गोल नावेतून आला. "एल्ली होंटीरी?" कुठं निघालात, म्हणून त्यानं कानडीत विचारलं.

"विठ्ठलन गुडीगे," विठ्ठलाच्या देवळाला, बायको म्हणाली.

त्यानं हनुवटीनं आमच्या पाठीमागं दाखवलं. देऊळ तिकडं होतं. त्याची नाव गोल, एकच वल्हं, जागच्या जागी गिरक्या घ्यायचा तिचा स्वभाव; तरी तो सरळ चाललेला. आमची लांबट, टोकदार, खास सरळ जायला बनवलेली. आम्ही गिरक्या घेत होतो. तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

दोरी बांधून त्यानं आम्हाला काठाकडं ओढत नेलं. मी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि अखेर नुसता बसलो. बायकोनं डबा उघडून त्याला कुंदा दिला, स्वतः खाल्ला. मागं हात पसरलेला मी.

"मागं वळता येत नाही," ती म्हणाली, "नाव उलटेल."